तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग : मुलं का पळतात आणि कशात रमतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठवड्यातून एकदा तासभर भरणारा धर्मशिक्षणाचा वर्ग, तीन ते सहा वर्षांची बारा-पंधरा मुलं, एक शिक्षिका आणि मदतीला एखादी आई. गोष्ट सुरू झाली की पाचव्या मिनिटाला दोघं पळायला लागतात, तिघं-चौघं आपापसांत बोलतात आणि उरलेली त्यांच्याकडे बघत बसतात. रंगवायचे कागद देऊन झाले, नीट बसणाऱ्याला स्टिकर देऊन झाले, आवाज चढवूनही झाला. या मुलांना वर्गात रमवायचं कसं?

मी याच वयाच्या मुलांबरोबर बरीच वर्षं हे काम करते आहे आणि निरनिराळ्या धर्मांच्या वर्गांत शिकवणाऱ्यांशी माझं बोलणं होत असतं. प्रार्थना वेगळ्या, गोष्टी वेगळ्या, पण ही तक्रार सगळीकडे सारखी. कारणही बहुतेक वेळा सारखंच असतं. वर्ग म्हणजे मोठ्यांच्या प्रवचनाची लहान आवृत्ती झालेली असते : एकाने बोलायचं, बाकीच्यांनी बसून ऐकायचं, शेवटी तात्पर्य. चार वर्षांच्या मुलाला हा साचा मानवत नाही. ते पळतं तेव्हा त्याला धर्माचा कंटाळा आलेला नसतो. त्याच्या वाट्याला करण्यासारखं काहीच आलेलं नसतं. म्हणून सगळ्या तासाची बांधणीच बदला. तुमच्या बोलण्याचा वाटा कमी करा आणि मुलांच्या हाती खरं काम द्या. पुढचं सगळं याच एका गोष्टीचा तपशील आहे.

मुलांचा विचार कसा घडत जातो याचा अभ्यास करणाऱ्या जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने साधारण दोन ते सात वर्षांचा काळ वेगळा काढला, कारण या काळातलं मूल चिन्हं आणि शब्द वापरतं, पण अमूर्त कल्पनांवर विचार चालवू शकत नाही. क्षमा, करुणा, पाप, मुक्ती, भक्ती हे शब्द त्याला पाठ होतील, पण त्यांत त्याला धरण्यासारखं काही सापडणार नाही. तेच मूल रागावलेल्या मित्राचा हात धरून त्याला परत खेळात आणतं, तेव्हा क्षमा म्हणजे काय ते त्याला पुरतं ठाऊक असतं. आपल्याला शब्दाकडून कृतीकडे जायची सवय आहे. या वयात उलट जायचं. कृती आज, शब्द सावकाश, काही शब्द तर दोन-तीन वर्षांनी.

सुरुवात दारापासून करा. बहुतेक वर्ग पहिल्या दहा मिनिटांतच हातातून जातात : सगळी येईपर्यंत लवकर आलेल्यांना थांबवून ठेवलं जातं, आणि रिकामं मूल स्वतःच काम शोधतं. त्याऐवजी आलेल्या प्रत्येकाला लगेच काम मिळू द्या. एकाने चटया पसरायच्या, एकीने छोट्या भांड्यातून फुलांना पाणी घालायचं, एकाने आज लागणारं कापड घडी उलगडून मधोमध अंथरायचं, कुणी चपला जोडीने लावायच्या. ही कामं खरी असावीत, म्हणजे ती झाली नाहीत तर वर्ग अडेल अशी. मूल कामाचा आव आणि काम यांतला फरक चटकन ओळखतं. आपण बसण्याची जागा आपल्या हाताने तयार केलेलं मूल तिथे वेगळ्या मनाने बसतं, हे तुम्हाला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसेल. या वेळात तुम्ही एकच करायचं : प्रत्येकाच्या उंचीला खाली बसून त्याच्याकडे बघून त्याचं नाव घ्यायचं. घाईत ही गोष्ट पहिली सुटते, म्हणून तयारी मुलं येण्याआधी संपवा.

त्यानंतर थोडी हालचाल. घरून गाडीत किंवा कडेवर बसून आलेल्या मुलाला लगेच मांडी घालायला लावू नका. दोन-तीन मिनिटं चालणं, उड्या, हात वर-खाली, मग हळूहळू मंद होत जाणारं गाणं, आणि गाणं संपतं तिथे बसणं. दर आठवड्याला तेच गाणं. महिन्याभरात ते सुरू झालं की मुलं आपोआप गोलात येऊ लागतात आणि ‘चला, बसा बघू’ म्हणायची गरज उरत नाही. गाण्याचा उपयोग तेवढाच नाही. सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी 2010 मध्ये चार वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. जोडीने गाणं-वाजवणं केलेली मुलं नंतर एकमेकांना जास्त मदत करताना दिसली. तोच खेळ गाण्याशिवाय खेळलेल्यांत ते तेवढं दिसलं नाही. बहुतेक धर्मपरंपरांत एकत्र म्हणणं, एकत्र डोलणं, एकत्र वाकणं आहे. लहान मुलांना त्या परंपरेचा सगळ्यात आधी उमजणारा भाग तोच असतो.

आता गोष्ट. इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच.

गोष्ट पाच ते सात मिनिटांची असावी. वर्गात तीन वर्षांची मुलं जास्त असतील तर आणखी छोटी. वाचू नका, सांगा. पुस्तक हातात असलं की तुमची नजर पानावर जाते आणि मुलं चित्र बघायला एकमेकांवर चढतात. कापड, चार-पाच लाकडी किंवा मातीच्या आकृत्या, वाळूचा एखादा ट्रे, दगड, काड्या एवढं पुरे. आकृत्यांना चेहरे रंगवू नका. चेहरा कोरा असला की मूल त्यावर स्वतः भाव पाहतं. आणि सांगताना मुलांकडे न पाहता त्या वस्तूंकडे पाहा. हे विचित्र वाटेल, कारण आपल्याला श्रोत्यांच्या डोळ्यांत बघून बोलायला शिकवलेलं असतं. पण तुम्ही मुलांकडे पाहिलं की मुलं तुमच्याकडे पाहतात, हसतात, काहीतरी सांगू लागतात. तुम्ही कापडावरच्या छोट्या मेंढीकडे पाहिलं की त्यांचीही नजर तिथे जाते. जेरोम बेरीमन यांनी घडवलेल्या ‘गॉडली प्ले’ या ख्रिस्ती पद्धतीत कथन असंच करतात, आणि कुठल्याही धर्माच्या वर्गाला ही युक्ती उचलता येते. वाक्यं छोटी. एक वाक्य, एक हालचाल, मग थोडी शांतता.

तीच गोष्ट पुन्हा सांगा. आपल्याला वाटतं, मागच्या आठवड्यात झाली, आता नवी हवी. मुलांना तसं वाटत नाही. ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांवर केलेलं काम 2011 मध्ये प्रसिद्ध झालं : नवे शब्द दोन्ही गटांच्या कानांवर सारख्याच वेळा पडले, पण एकाच गोष्टीतून पुन्हापुन्हा ऐकणाऱ्या मुलांनी ते जास्त शिकले. माझा स्वतःचा नेम आहे, महिन्याला एक गोष्ट. पहिल्या आठवड्यात मुलं ऐकतात, दुसऱ्यात पुढचं आधीच सांगतात, तिसऱ्यात तुम्ही एखादी आकृती चुकीच्या जागी ठेवलीत तर ओरडतात, आणि चौथ्यात एखादं मूल म्हणतं, ‘मी सांगतो.’ वर्षाला दहा-बारा गोष्टी कमी वाटतील, पण त्या मुलांच्या अंगी मुरलेल्या असतील.

कुठल्या गोष्टी निवडायच्या, यात मी कडक आहे. धर्मग्रंथात आहे म्हणून ती तीन वर्षांच्या मुलाची गोष्ट होत नाही. हरवलेल्या मेंढीला शोधत गेलेला मेंढपाळ, जखमी हंसाला कुशीत घेणारा सिद्धार्थ, बी पेरणारा आणि झाड होईपर्यंत वाट पाहणारा माणूस, अशा गोष्टी या वयाला पेलतात : कोणीतरी शोधतं, कोणीतरी सांभाळतं, काहीतरी वाढतं. नोहाची नौका मात्र मोठ्यांना गोंडस वाटते, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे जिराफ आणि हत्ती असतात. चार वर्षांचं मूल शांतपणे विचारतं, ‘बाकीच्या माणसांचं काय झालं?’ इब्राहिमने मुलाचा बळी द्यायला निघणं, हिरण्यकशिपूने प्रल्हादाला छळणं आणि शेवटी नरसिंहाने त्याचं पोट फाडणं, या गोष्टी श्रद्धेने भारलेल्या आहेत, पण त्यांत बापच मुलाच्या जिवावर उठलेला आहे. ज्याचं सगळं जग आईबापांच्या आधारावर उभं आहे, त्या मुलाला त्यातून भक्ती दिसत नाही, सुरा दिसतो. या गोष्टी सात-आठ वर्षांनंतर ठेवा. तेव्हा त्या आपला अर्थ घेऊन येतील.

गोष्ट संपली की तात्पर्य सांगू नका. सवय मोडायला जड जातं, मला माहीत आहे. ‘तर मुलांनो, यातून आपण काय शिकलो?’ असं विचारलं की मुलं तुमच्या मनातलं उत्तर शोधू लागतात. त्यांना काय दिसलं ते तिथेच संपतं. त्याऐवजी खरोखर उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारा. यातलं तुला सगळ्यात जास्त काय आवडलं? तू या गोष्टीत असतास तर कुठे असतास? बेरीमन यांच्या पद्धतीत आणखी एक प्रश्न आहे तो मला फार आवडतो : यातलं काय काढून टाकलं तरी गोष्ट पुरी राहील? पाच-सहा वर्षांची मुलं यावर भांडतात, आणि त्या भांडणात ती गोष्टीच्या गाभ्यापर्यंत पोचतात. तीन वर्षांची मुलं काहीच बोलणार नाहीत किंवा घरच्या मांजराबद्दल सांगतील. ऐकून घ्या, मान हलवा. ‘बरोबर’ किंवा ‘शाब्बास’ म्हणू नका, नाहीतर पुढचं मूल शाब्बासकी मिळालेलंच उत्तर देईल.

शिक्षेच्या गोष्टींबद्दल एक सांगायला हवं. वाईट वागणाऱ्याला देवाने कशी अद्दल घडवली, यावर पुष्कळ वर्ग चालतात. टोरंटो विद्यापीठातील कांग ली आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. खोटं बोलल्यामुळे नाक लांब झालेल्या बाहुल्याची किंवा लांडगा आला रे म्हणणाऱ्या मुलाची गोष्ट ऐकून मुलांचा खरेपणा वाढला नाही. खरं बोलून वडिलांची शाबासकी मिळवणाऱ्या छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट ऐकून मात्र वाढला. खरेपणा शिकवायचा तर खरं बोलण्यातलं बळ दाखवा, खोट्याची भीती घालून ते होत नाही.

‘देव बघतोय हं’ हे वाक्यही वर्गातून काढून टाका. 2001 मध्ये जस्टिन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी मुलांना बिस्किटांचं चित्र असलेला डबा दाखवला. उघडला तर आत खडे. मग विचारलं, डबा न उघडता आईला काय वाटेल? आणि देवाला? लहानांनी सांगितलं, दोघांनाही खडे आहेत हे कळेल. पाच-सहा वर्षांची मुलं मात्र म्हणाली, आईला बिस्किटं वाटतील, देवाला खडे आहेत हे ठाऊक असेल. म्हणजे कोणी तरी सगळं जाणणारं आहे ही कल्पना या वयाला जड जात नाही. तिचा पहारेकरी म्हणून वापर केला की ती भीतीशी कायमची बांधली जाते. ‘तू एकटा घाबरलास तरी देवाला कळतं’ असं म्हटलं की त्याच कल्पनेचा मुलाला आधार होतो.

गोष्टीनंतरचा अर्धा तास वर्गातला सगळ्यात मोठा भाग असायला हवा, आणि तो मोकळ्या कामाचा असावा. गोष्टीच्या आकृत्या खालच्या फळीवर, मुलाच्या हाताला येतील अशा ठेवा. ज्याला हवं त्याने त्या घेऊन चटईवर गोष्ट पुन्हा मांडायची. बाजूला माती, कोरे कागद, जाड खडू, वाळू, पाणी ओतायची भांडी, पुसायचं फडकं, फुलं लावायचे छोटे पेले. प्रत्येकाने आपलं काम निवडायचं, झालं की जागेवर ठेवायचं. सोफिया काव्हालेत्ती या हिब्रू भाषेच्या विदुषीने 1954 मध्ये रोममध्ये जियाना गोब्बी या माँटेसरी शिक्षिकेबरोबर लहान मुलांच्या धर्मशिक्षणाचं काम सुरू केलं. ते सारं अशाच खोलीभोवती उभं राहिलं, जिथे मूल स्वतः वस्तू हाताळतं आणि मोठं माणूस बाजूला बसून पाहतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गोंधळ होईल. तो काळ निभवा. वस्तू कमी ठेवा, प्रत्येक वस्तू कशी घ्यायची आणि परत ठेवायची ते न बोलता करून दाखवा.

रंगवायच्या छापील कागदांबद्दल विचारलं आहे म्हणून स्पष्ट सांगते : बंद करा. त्यात मुलाचं स्वतःचं काहीच नसतं, रेषेबाहेर रंग गेला की त्याला आपलं चुकलं असं वाटतं, आणि चार मिनिटांत कागद संपतो. कोऱ्या कागदावर त्याने काढलेला मेंढपाळ तुम्हाला बटाट्यासारखा दिसला तरी तो त्याने गोष्टीतून उचललेला असतो. ‘हे काय आहे?’ न विचारता ‘याच्याबद्दल सांगतोस?’ म्हणा.

स्टिकरही बंद करा. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी 1973 मध्ये बालवाडीतल्या, आवडीने चित्रं काढणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. प्रार्थनेला बक्षीस लावलंत की बक्षीस थांबेल त्या दिवशी प्रार्थनाही थांबेल. कौतुक करायचंच तर जे दिसलं ते सांगा : ‘तू चटई घडी करून ठेवलीस, म्हणून मीराला बसायला जागा झाली.’

आता शांतता आणि प्रार्थना. इतकी छोटी मुलं शांत बसतच नाहीत, असं मोठे धरून चालतात. मारिया माँटेसरीने 1907 मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं. मुलांना शांतता आवडते हे तिला तिथेच दिसलं; फक्त ती हुकमाने लादता कामा नये. तिचा खेळ असा : सगळे निश्चल बसतात, शिक्षिका मागच्या खोलीतून एकेकाचं नाव कुजबुजत्या आवाजात घेते, आणि नाव ऐकू आलेलं मूल पाय न वाजवता तिच्याकडे जातं. सुरुवातीला अर्धं मिनिट पुरे. नंतर ती शांतता मुलंच मागतात. प्रार्थना या शांततेला लागून घ्या : छोटी, दर वेळी तीच, हातांच्या हालचालींसह. मग ज्याला बोलायचं असेल त्याने एक वाक्य बोलायचं. काव्हालेत्तींना आढळलं होतं की सहा वर्षांखालच्या मुलांची स्वतःची प्रार्थना मागण्याची क्वचितच असते. बहुतेक वेळा ती आभाराची आणि आनंदाची असते. मला वर्गात अगदी हेच दिसतं. ‘पावसाबद्दल थँक्यू’, ‘माझ्या बुटांबद्दल थँक्यू’. त्यात दुरुस्ती करू नका.

जो सारखा पळतो त्याचं काय? त्याला गोलाबाहेर काढून बसवू नका, विशेषतः प्रार्थनेच्या वेळी. तो वर्गाचा नव्हे, त्या प्रार्थनेचाच राग धरेल. त्याला तुमच्या शेजारी बसवा आणि गोष्टीतली एक आकृती त्याच्या हातात द्या, वेळ आली की ती त्याने कापडावर ठेवायची. आणि जो कशातच भाग घेत नाही, कोपऱ्यातून नुसता पाहतो, त्याला ओढू नका. असं पाहणं हेही त्याचं वर्गात असणंच आहे. अशीच मुलं घरी जाऊन सगळी गोष्ट जशीच्या तशी सांगतात, आणि पालक आश्चर्याने तुम्हाला येऊन विचारतात.

मुलं मृत्यूबद्दल विचारतील, देव कुठे राहतो विचारतील. उत्तर दोन वाक्यांत द्या आणि तुमची परंपरा जे मानते ते ‘आपण असं मानतो’ म्हणून सांगा. आजोबा ‘झोपले’ असं कधीही म्हणू नका. त्या रात्री मूल झोपायला घाबरतं. शरीर थांबलं, आता ते दुखत नाही, हे साधं खरं आधी, मग श्रद्धा. कधी कधी मूल फक्त ‘मी तुझ्याजवळ आहे’ एवढंच ऐकायला आलेलं असतं.

व्यवस्थेचं थोडक्यात : बारा-पंधरा मुलांना दोन मोठी माणसं कमीच पडतात, तिसरं शोधा. कोणतंही मोठं माणूस एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहणार नाही हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा, तुमच्यासकट सगळ्यांना. ॲलर्जी आणि घ्यायला कोण येणार हे लिहून ठेवा. पालकांना दारातच आजच्या गोष्टीचं एक वाक्य सांगा. ‘काय शिकलास?’ असं त्यांनी विचारलं की मूल गप्प होतं. ‘आज मेंढी सापडली का?’ विचारलं की बोलू लागतं.

बऱ्याच वर्गांवर वरून दडपण असतं : मुलांना इतके श्लोक, इतक्या ओळी, इतक्या आयती पाठ झाल्या पाहिजेत, आणि वर्षाअखेर मंचावर म्हणून दाखवल्या पाहिजेत. पाठांतराला माझा विरोध नाही. या वयाचं पाठांतर आयुष्यभर टिकतं आणि परंपरेची भाषा कानावर बसते. फक्त ते वर्गातल्या नेहमीच्या प्रार्थनेतून होऊ द्या, हातवारे आणि चाल यांच्यासह, एका वेळी एकच ओळ, कोणालाही एकट्याने उभं करून न विचारता. मंचावर न्यायचंच असेल तर सगळ्यांना एकत्र न्या, दोन मिनिटांसाठी, आणि नेहमी वर्गात जे म्हणतात तेच म्हणू द्या. एखादं मूल ऐनवेळी आईकडे पळालं तर पळू द्या. कार्यक्रमासाठी चार आठवडे तालीम घ्यावी लागत असेल तर ते चार आठवडे वर्ग बंद होता असं समजा, आणि व्यवस्थापकांना तसंच सांगा.